मासे गरवायला महागडा गॉगल हवाच का?

सुटीच्या दिवशी धरणावर, गावतळ्यावर किंवा खाडीच्या काठाला गळ टाकून बसणारी माणसे आपल्या वस्त्यांत थोडीथोडकी नाहीत. कारखान्यातली रात्रपाळी संपवून, रेल्वेची ड्युटी उतरवून, कुणी मुलाला सोबत घेऊन, कुणी दोन दोस्तांना हाक मारून सकाळीच निघतो. पूर्वी या नादाला खर्च तो काय? एक काठी, दोरा, गळ आणि डब्यात गांडुळे. आता मोबाईलवर परदेशातल्या मासेमारीची चित्रे पाहून तरुण पोरे रॉड मागतात, रील मागतात, आणि त्यांच्या यादीत अलीकडे आणखी एक वस्तू आली आहे. तो म्हणजे पोलराइज्ड गॉगल. तोही साधा नव्हे, पंधरा-वीस हजारांचा. "तो घातला की पाण्यातला मासा दिसतो," असे पोरगा सांगतो आणि आई विचारते, "एवढ्या पैशांत वर्षभराचे मासे बाजारातून येणार नाहीत का?"

आईचा प्रश्न रास्त आहे. परंतु पोरगाही अगदीच खोटे बोलत नाही. म्हणून हे प्रकरण नीट समजून घ्यावे, कारण त्यात घरातले पैसेही आहेत आणि घरातल्या माणसांचे डोळेही.

आधी एक शंका दूर करू. पंचशील घेणाऱ्या उपासकाने मासे गरवावेत काय, असे काही वाचक विचारतील. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी होणारी हत्या आणि मारण्याच्या इच्छेने केलेली हत्या यांत भेद दाखविला आहे, तो प्रत्येकाने मूळ ग्रंथातच वाचावा. घरच्या कालवणापुरते दोन मासे आणणारा आणि मोठा मासा मारून त्याच्यासोबत फोटो काढून तो फेकून देणारा, हे दोघे मला एक वाटत नाहीत. एवढे सांगून मूळ विषयाकडे येतो.

पाण्यावर ऊन पडले की डोळे दिपतात. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परतणारा हा प्रकाश साध्या प्रकाशाहून थोडा वेगळा असतो. साध्या उन्हात प्रकाशलहरींची कंपने सर्व दिशांना असतात. पाण्यावरून तिरपा परतलेल्या प्रकाशात मात्र ती बरीचशी आडवी होतात. पोलराइज्ड काचेत एक पातळ पापुद्रा असतो. तो आडवी कंपने अडवतो आणि उभी आत सोडतो. उभ्या गजांच्या खिडकीतून फळी उभी धरली तर आत जाते, आडवी धरली तर अडकते, तसेच काहीसे समजावे. झळाळी गेली की पाण्याच्या आतून येणारा प्रकाश डोळ्यांना दिसू लागतो. यात जादू काही नाही. कृत्रिम पापुद्र्याचा हा शोध अमेरिकेच्या एडविन लँड यांनी १९२९ च्या सुमारास लावला.

या युक्तीचा एक नामांकित उपयोग आपल्याच देशाच्या शास्त्रज्ञाने केला होता. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन युरोपातून 'नारकुंडा' या बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे त्या काळी विलायतेतले मोठे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले सांगत. रामन यांनी डोळ्यापुढे निकोलचा लोलक धरला. हा लोलकही तेच काम करतो, म्हणजे पृष्ठभागावरची झळाळी कापतो. आकाशाचे प्रतिबिंब गेले, तरी समुद्र निळाच राहिला. उलट अधिकच निळा दिसला. निळाई पाण्याच्याच रेणूंमुळे आहे, हे त्यांनी मुंबई बंदरातून पाठविलेल्या पत्रात लिहिले. पुढे प्रकाशाच्याच अभ्यासासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानायचे नाही, स्वतः पाहून मानायचे, ही रीत बुद्धाने कालामांना शिकविली होती. गॉगलच्या दुकानातही ती उपयोगी पडते, ते पुढे येईलच.

आता दुकानदार सहसा सांगत नाही ती गोष्ट. ही झळाळी सर्व बाजूंनी सारखी कापली जात नाही. पाण्याच्या पातळीपासून सुमारे सदतीस अंशांच्या कोनातून पाहिले तर ती जवळजवळ पूर्ण नाहीशी होते. त्याहून खूप तिरपे किंवा सरळ खाली पाहिले तर परिणाम कमी कमी होत जातो. याचा हिशेब साधा आहे. आपले डोळे पाण्यापासून जितके उंच, त्याच्या सव्वा ते दीडपट अंतरावरचे पाणी सर्वांत स्वच्छ दिसते. काठाला उभ्या माणसाचे डोळे पाच-सव्वापाच फुटांवर असतात. म्हणजे त्याला चांगले दिसणार ते सहा-सात फुटांवरचे पाणी. बंधाऱ्याच्या भिंतीवर पाण्यापासून वीस फूट उंच उभे राहिले तर पंचवीस-सव्वीस फुटांवरचे. परंतु काठावर मांडी घालून बसून चाळीस फुटांवर गळ टाकणाऱ्याला तिथला तळ दिसेल, ही आशा व्यर्थ आहे. मग गॉगल हजाराचा असो की वीस हजारांचा. निसर्गाचा हा कोन पैशांनी बदलत नाही.

हे महागडे गॉगल जन्मले कुठे, तेही पाहावे. कोस्टा ही कंपनी १९८३ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, डेटोना बीचला सुरू झाली. फ्लोरिडाच्या दक्षिणेला मैलोन्‌मैल गुडघाभर उथळ, काचेसारखे समुद्राचे पाणी आहे. तिथला वाटाड्या लांब बांबूने होडी हळूहळू ढकलतो, उंच फळीवर उभा राहून बोनफिश नावाचा मासा डोळ्यांनी हेरतो आणि मग त्याच्या पुढ्यात गळ पडतो. मासा दिसला नाही तर त्या दिवसाची कमाईच नाही. अशा माणसासाठी उत्तम काच म्हणजे सुताराचा रंधा. तो रोज आठ तास डोळ्यांवर असतो, त्याचे पैसे वसूल होतात.

आपल्याकडचे पाणी निराळे. पावसाळ्यात नद्या-धरणे चहासारखी गढूळ. गढूळ पाण्यात कोणताही गॉगल मासा दाखवत नाही, कारण तिथे अडथळा झळाळीचा नसून मातीचा असतो. रोहू, मृगळ यांच्यासाठी आपण तळाला पेंडीचा गोळा सोडतो आणि बूच केव्हा बुडते ते पाहत बसतो. त्यात मासा दिसण्याची गरजच नसते. उपयोग होतो तो हिवाळ्यात, पाणी निवळल्यावर. तळ्यातली मरळ हवा घ्यायला वर येते, पिल्लांचा तांबूस घोळका सांभाळत काठाजवळ फिरते, ती पोलराइज्ड काचेतून सहज दिसते. (पिल्ले राखणाऱ्या मरळीला मात्र सोडून द्यावे, तिला उचलले की सगळी पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.) कोकणात कातळावर उभे राहून गरवणाऱ्यालाही पाण्याखालचे खडक दिसतात, दोरा अडकत नाही, पायही घसरत नाही.

पाय घसरण्यावरून एक इशारा. तळ दिसू लागला की पाणी उथळ वाटते. पाण्याचा गुणच असा की चार फुटांवरचा दगड वरून पाहता तीन फुटांवर भासतो, आणि हा भास कोणताही गॉगल घालवत नाही. मुलांना हे आवर्जून सांगा. दिसतो म्हणून तळ जवळ आहे, असे समजून कुणी पाण्यात उतरू नये.

मग वीस हजार जातात कुठे? काही खऱ्या गोष्टींसाठी जातात, हे मान्य केले पाहिजे. भारी काचेतून चित्र कडेपर्यंत सरळ दिसते, दिवसभर घातली तरी डोके दुखत नाही. तिच्यावरचे लेप खाऱ्या पाण्याला आणि ओरखड्यांना अधिक टिकतात. स्वस्त गॉगलमध्ये पापुद्रा वर्षा-दोन वर्षांत कडेने सुटू लागतो, बुडबुडे येतात. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तर लवकरच. परंतु हा फरक वीसपट नाही. उरलेला पैसा नावाला, जाहिरातीला आणि दुकानाच्या झगमगाटाला जातो. रे-बॅन हे नाव १९९९ साली लक्सोटिका या इटालियन कंपनीने घेतले, ओकली २००७ साली. कोस्टा २०१४ साली फ्रान्सच्या एसिलोरने घेतली, आणि २०१८ साली एसिलोर आणि लक्सोटिका एक झाल्या. काउंटरवर तीन नावांचे तीन गॉगल मांडून "यातला निवडा" म्हणतात, तेव्हा ते तिन्ही एकाच घरचे असतात, हे आपल्या पोरांना ठाऊक असावे.

झळाळी कापण्याचे मूळ काम हजार रुपयांच्या आसपासचा चांगला पोलराइज्ड गॉगलही करतो. माझे मत विचाराल तर महिन्यातून दोनदा तळ्यावर जाणाऱ्याने याच्या पुढे जाऊ नये.

पण प्रश्न मासा दिसण्यापुरता असता तर मी एवढे लिहिले नसते. पाण्यावर ऊन दोनदा लागते, एकदा वरून आणि एकदा खालून. टोपी घातली तरी खालचे चुकत नाही. उन्हातले अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण वर्षानुवर्षे साचून अपाय करतात. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावर खेकडे आणि कालवे काढणाऱ्या ८३८ कष्टकरी मच्छिमारांचे डोळे डॉक्टरांनी तपासले, ती पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी आयुष्यात हे किरण अधिक सोसले होते, त्यांच्यात एका विशिष्ट प्रकारच्या मोतीबिंदूचे प्रमाण स्पष्टपणे अधिक निघाले. दुसरा त्रास म्हणजे नाकाच्या बाजूने डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांसाची पातळ पट्टी वाढते आणि हळूहळू काळ्या बुबुळाकडे सरकते. उन्हा-वाऱ्यात राबणाऱ्यांत ती जास्त आढळते. असे काही दिसले तर गावठी औषध डोळ्यात न घालता सरकारी रुग्णालयात दाखवावे.

आणि इथेच मोठा विपर्यास आहे. रविवारी चार तास बसणारा हौशी माणूस गॉगलचा विचार करतो. पण ओहोटीला खाडीत वाकून तिसऱ्या आणि कालवे वेचणाऱ्या बायका, पहाटेपासून दुपारपर्यंत धरणात जाळे ओढणारे मजूर, यांच्या डोळ्यांवर काहीच नसते. गॉगल म्हणजे चैन, गॉगल म्हणजे सिनेमातला हिरो, अशी आपली समजूत. बाईने घातला तर वस्ती हसेल, ही भीती वेगळीच. वेल्डिंगवाल्याच्या काचेला कोणी हसत नाही, मग हिला का हसावे? घरात एकच गॉगल घेणे परवडत असेल तर तो रोज पाण्यावर जाणाऱ्याला द्यावा, हौसेने जाणाऱ्याला नंतर.

एक सावधगिरी. फूटपाथवरचा शंभर रुपयांचा काळाभोर गॉगल अतिनील किरण अडवेलच, अशी खात्री नसते. अंधारामुळे डोळ्याची बाहुली मात्र मोठी होते, आणि किरण अडले नाहीत तर ते जास्तच आत शिरतात. काळेपणा वेगळा, पोलराइज्ड असणे वेगळे आणि अतिनील किरण अडवणे वेगळे. पाण्यावरच्या माणसाला यातली शेवटची गोष्ट सर्वांत आधी हवी. गॉगलवर 'यूव्ही ४००' असे लिहिलेले असते, पण लिहिणे फुकट असते. ज्या चष्म्याच्या दुकानात मोजण्याचे यंत्र आहे, तिथे ते काचेखाली धरून दाखवायला सांगावे.

काच खरोखर पोलराइज्ड आहे का, ते तर तुम्हीच पाहू शकता. दुकानातले दोन पोलराइज्ड गॉगल घ्या, एकाच्या काचेपुढे दुसऱ्याची काच धरा आणि एक गॉगल हळूहळू आडव्याचा उभा फिरवा. खरे असतील तर दोन्ही काचा मिळून काळ्या होतात, आरपार दिसेनासे होते. दुसरा गॉगल नसेल तर कॅल्क्युलेटरच्या आकड्यांकडे पाहत काच फिरवा. एका जागी आकडे गायब होतील. याच कारणाने मोटारसायकलचा डिजिटल मीटर कधी कधी या गॉगलमधून काळा दिसतो, तेव्हा घाबरू नये.

रंग तपकिरी किंवा करडा चालेल. काठाच्या गढूळ-हिरव्या पाण्यावर मला तपकिरी बरा वाटतो. काच पॉलिकार्बोनेटची घ्यावी. ती फुटत नाही, आणि झटक्याने मागे आलेला गळ किंवा शिसे डोळ्यात जाण्यापासूनही वाचवते. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी नवीन काही करण्याआधी चष्म्यावर अडकवायची पोलराइज्ड क्लिप पाहावी, ती काही शे रुपयांत मिळते. संध्याकाळी ऊन उतरले की गॉगल काढून ठेवावा. घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवावा, मगच पुसावा. सदऱ्याच्या टोकाने कोरडा पुसला की मिठाचे कण काचेवर रेघा ओढतात.

आणि दोन्ही दांड्यांना मागून एक दोरी बांधावी. मासा ओढताना माणूस वाकतो, गॉगल पाण्यात पडतो आणि थेट तळाला जातो. तो शोधायला लागणारा दुसरा गॉगल त्या वेळी कुणाकडेच नसतो.