जुना डबा चालेल, जुनी डिस्क नाही

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित अपडेट थांबवले आणि ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारे अगणित धडधाकट संगणक त्या दिवसापासून ‘जुने’ ठरले. त्यांतले बरेचसे आता माळ्यावर जातील, नाहीतर भंगारवाल्याकडे. त्याच घरांत फोटो मात्र चार फोनमध्ये आणि दोन-तीन पेनड्राइव्हवर विखुरलेले असतात. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा भरायला हल्ली फार दिवस लागत नाहीत. अशा वेळी त्या जुन्या ठरलेल्या संगणकाचाच फाइल सर्व्हर करता येतो, म्हणजे तो राउटरला जोडून त्याच्या डिस्कवरच्या फायली घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला, टीव्हीला उघडून देता येतात. ही कल्पना अनेकांनी ऐकलेली असते, पण तिच्याभोवतीचे गैरसमज उलट्या दिशेने चालतात. ज्या भागावर भरवसा ठेवायला हरकत नाही त्या प्रोसेसरवर लोक शंका घेतात आणि ज्याच्यावर शंका घ्यायलाच हवी त्या डिस्कवर डोळे मिटून विश्वास टाकतात.

‘दहा-बारा वर्षांपूर्वीचे मशीन, ते संथच चालणार’ ही पहिली शंका. हिशेब करून पाहा. गिगाबिट लॅनमधून सेकंदाला १००० मेगाबिट जातात. ८ ने भागले की १२५ मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हाती येतात ११० च्या आसपास. आजची साधी साडेतीन इंची हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या पुढे जाते आणि जुन्या मदरबोर्डवरचे दुसऱ्या पिढीचे साटा पोर्टही ३०० पर्यंत पेलते. म्हणजे अडथळा प्रोसेसर नाही, डिस्कही नाही, अडथळा तार आहे. फोर-के ब्लू-रे चित्रपटालाही कमाल १२८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १६ मेगाबाइटच लागतात. संथपणाचे कारण बहुधा राउटरपाशी सापडते. स्वस्त राउटरची पोर्ट अनेकदा १०० मेगाबिटचीच असतात. केबलवाल्याने आठपैकी चारच तारा क्रिंप केल्या असतील, तर चांगले गिगाबिट पोर्टही १०० वर उतरते. मग सेकंदाला जेमतेम ११ मेगाबाइट मिळतात, आणि ५०० जीबी फोटो हलवायला सव्वा तासाऐवजी साडेबारा तास लागतात. अशा वेळी नवा संगणक घेऊन काही साधत नाही, केबल बदलावी लागते. चित्रपट पाठवता पाठवता दुसऱ्या स्वरूपात बदलायचा असेल तर जुना प्रोसेसर खरोखर धापा टाकतो, पण ते फाइल सर्व्हरचे मूळ काम नव्हे.

रॅमबद्दलही असेच एक वाक्य तोंडोतोंडी फिरते: दर टेराबाइटमागे १ जीबी रॅम हवीच, आणि तीही चूक दुरुस्त करणारी ईसीसी रॅम. हे झेडएफएस या फाइल सिस्टिमबद्दल, मोठ्या कार्यालयांच्या अंगाने सांगितले गेलेले आहे. झेडएफएसवर उभी असलेली ट्रूनॅस ही सर्व्हर प्रणाली किमान ८ जीबी मागते, हे खरे. पण झेडएफएसच्या जनकांपैकी एक असलेल्या मॅथ्यू अ‍ॅरेन्स यांनीच स्पष्ट केले आहे, की ईसीसीची गरज तिला इतर फाइल सिस्टिमपेक्षा काही वेगळी नाही. दोन डिस्कच्या घरगुती सर्व्हरला झेडएफएस हवेच असेही नाही. डेबियन लिनक्सवर आधारलेली ओपनमीडियाव्हॉल्ट प्रणाली आणि साधी एक्स्ट-४ फाइल सिस्टिम २ जीबी रॅमवरही हे काम नीट करते. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची भीती असेल तर तीही सोडावी, कारण एकदा बसवल्यावर सगळा कारभार ब्राउझरमधून होतो.

आता डिस्ककडे वळू. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. जुन्या संगणकातली डिस्क ‘अजून चालते आहे’ म्हणून तिच्यावरच आयुष्यभराचे फोटो टाकले जातात. पण डिस्क हा फिरणारा, झिजणारा भाग आहे. गूगलने आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो: बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्ट या डिस्कच्या अंगभूत स्व-तपासणीच्या मुख्य चार निकषांवर आधी कोणतीच सूचना दिली नव्हती. स्मार्टने धोका दाखवला तर डिस्क ताबडतोब काढावी, पण त्याच्या शांततेला प्रमाणपत्र समजू नये. पैसे खर्चायचेच तर नव्या डिस्कवर खर्चावेत. उरलेले एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावर, कारण त्यातले फुगलेले कपॅसिटर नव्या डिस्कलाही सोबत घेऊन जाऊ शकतात. मदरबोर्डवरचा सीमॉस सेल काही रुपयांचा असतो, तोही बदलून टाकावा. तो संपलेला असला की वीज जाऊन आल्यावर मशीन वेळ-तारीख विसरते आणि कुणीतरी एफ-१ दाबेपर्यंत तिथेच थांबते.

यावर ‘दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या, आता काळजी नाही’ असे उत्तर येते. अशा जोडणीमागची रेड ही कल्पना बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात मांडली. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, एवढेच तिचे आश्वासन आहे. चुकून पुसलेला फोल्डर त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसला जातो. खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर त्या दोन्हीकडे होतात. चोर डबाच उचलून नेतो. म्हणून घरात दोनच डिस्क परवडत असतील तर त्या रेडमध्ये जोडू नयेत. एक सर्व्हरमध्ये ठेवावी आणि दुसरी आठवड्यातून एकदा जोडून, प्रत घेऊन, पुन्हा काढून कपाटात ठेवावी. तिसरी प्रत घराबाहेर हवी. आईवडील नाशिकला आणि मुलगी पुण्यात असेल तर दोन घरे एकमेकांच्या प्रती सांभाळू शकतात.

सर्वांत वजनदार आक्षेप विजेच्या बिलाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. ५० वॅट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला तर वर्षाला ४३८ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर ४,३८० रुपये. पेंटियम ४ च्या काळातले मशीन १०० वॅट खात असेल, तर हा आकडा दुप्पट होतो. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने ५० वॅटच्या मशीनचे महिन्याचे जादा ३६ युनिटही काही घरांना वरच्या टप्प्यात ढकलतात. तेव्हा पेंटियम ४ इतके जुने मशीन मोह सोडून ई-कचरा केंद्रात द्यावे. पण १२ वॅटवर चालणारा जुना लॅपटॉप वर्षाला १०५ युनिटच घेतो, आणि त्याची बॅटरी शाबूत असेल तर वीज गेल्यावरही थोडा वेळ तग धरते. ती फुगलेली दिसली तर मात्र लगेच काढून टाकावी, तिथे आगीचा धोका आहे. शिवाय घरचा सर्व्हर अहोरात्र चालू हवाच असे कुठे आहे? रोज संध्याकाळी चार तास चालवला तर ५० वॅटच्या डेस्कटॉपचे वर्षाचे बिल ७३० रुपये होते.

शेवटचा गैरसमज धोक्याचा आहे: बाहेरून फायली पाहता याव्यात म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून दिले की झाले. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस फाइल-शेअरिंगच्या एसएमबी प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातूनच शिरला होता. ही आवृत्ती बंद ठेवावी, ४४५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटला कधीही उघडू नये आणि बाहेरून यायचे असेल तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधूनच यावे.

मशीन तयार झाल्यावर त्यावर फोटो टाकायची घाई करू नका. आधी एक साधा फोल्डर ठेवा, त्याची कपाटातल्या डिस्कवर प्रत घ्या, मूळ फोल्डर मुद्दाम पुसून टाका आणि प्रतीवरून परत आणून दाखवा. तो जसाच्या तसा परत आला, की मगच लग्नाचे आणि बारशाचे फोटो त्या मशीनच्या हवाली करा.