वीकेण्डला सापडलेली आर्ट गॅलरी
मॉल झाला, मल्टिप्लेक्स झालं. आता या वीकेण्डला काय? सोप्पंय! पहाटे कळमेश्वर गाठा, टपरीवर तर्री-पोहे हाणा आणि गाडी काटोल, वरूड, मोर्शीच्या दिशेने सोडा. संत्र्याच्या बागा मागे पडल्या की समोर सातपुडा. तिथे, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून, बैतुल जिल्ह्यातल्या धारूळ गावाजवळच्या डोंगरात आहे आपल्या पूर्वजांची आर्ट गॅलरी!

अंबादेवीच्या गुहेमुळे आसपासच्या लोकांना हा डोंगर तसा ओळखीचा. पण इथल्या चित्रांचं महत्त्व जगापुढे आलं जानेवारी २००७ मध्ये. आणि ते आणलं कुणी? अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मित्रांनी. म्हणजे पुरातत्त्वाची नोकरी नाही, फक्त जंगलात भटकायचा छंद! ही मंडळी पुन्हा पुन्हा तिथे जात राहिली आणि चित्रं असलेल्या शंभरावर गुहा उजेडात आल्या. मग पुरातत्त्वाचे अभ्यासकही इकडे वळले.

चित्रं इथेच का? विदर्भात बहुतेक ठिकाणी काळा बेसॉल्ट. इथे मात्र वालुकाश्म आहे. त्याची झीज होऊन छपरासारखे कडे तयार होतात आणि खाली पाऊस पोचत नाही. रंग म्हणाल तर आपला गेरूच! आजी तुळशीवृंदावनाला लावते ना, त्याच जातीचा. लाल-पांढऱ्या रंगात हरणं, हत्ती, बैल. एका पक्ष्याची उंच मान पाहून काही जण त्याला शहामृग म्हणतात. यावर वाद आहे. पण जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली आहेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे हा पक्षी महाराष्ट्रात होता, हे नक्की!

आमच्या ग्रुपमधल्या एकाने फोटो 'शार्प' यावा म्हणून पाण्याची बाटली उघडली. सोबतच्या गावकरी काकांनी हात धरला. 'पोरा, ओलं केलं का रंग जाते,' एवढंच म्हणाले. आम्ही सगळेच ओशाळलो. पाणी सुकताना दगडातले क्षार वर येतात आणि चित्रावर पांढरा थर धरतो. हजारो वर्षं टिकलेलं चित्र आपल्या एका फोटोपायी धूसर व्हायचं!

वीकेण्डच्या भटकंतीनेच ही गॅलरी जगाला दिली. तिची वाटही वीकेण्डच लावू शकतो. ठरवायचं आपण.

जाताय? मग हे वाचा
• पावसाळ्यानंतर, थंडीत जा. वनखात्याचे नियम आधी विचारून घ्या.
• गावातला वाटाड्या सोबत हवाच. त्याचे पैसे हसत द्या.
• हात, खडू, पाणी, फ्लॅश... चित्रांपासून सगळं लांब!
• गुहेत चूल पेटवू नका. काजळी निघत नाही.