तोंडात दडलेला बँड

मुलांनो, १९३१ साली अमेरिकेत ‘टायगर रॅग’ या गाण्याची एक तबकडी निघाली. ऐकणाऱ्याला वाटायचं, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा असा केवढा तरी बँड वाजतोय! खरं तर त्यात वाद्य होतं एकच, गिटार. बाकी सगळे आवाज चार भावांनी तोंडानं काढले होते. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून तबकड्यांवर तसं छापावं लागायचं!

हे होते मिल्स ब्रदर्स: जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड. ओहायो राज्यातल्या पिक्वा गावची ही कृष्णवर्णीय मुलं. वडिलांचं केस कापायचं दुकान होतं आणि तेही चौघांच्या गटात गायचे. मुलं गाताना कझू नावाचं छोटं वाद्य वाजवायची. असं सांगतात, की एका स्पर्धेत हॅरी नेमका कझू विसरला. मग त्यानं दोन्ही हातांचा द्रोण करून तोंडापुढं धरला आणि चक्क ट्रम्पेट वाजू लागला!

हे जमतं कसं? आपल्या घशात स्वरतंतू असतात. श्वासानं ते थरथरतात आणि आवाज निघतो. त्या आवाजात मुख्य सुराबरोबर कितीतरी उंच, बारीक सूर मिसळलेले असतात. त्यांतले कोणते ठळक होणार आणि कोणते दबणार, हे तोंडाच्या पोकळीवर ठरतं. जीभ, ओठ किंवा तोंडापुढचे हात हलवले की पोकळी बदलते आणि आवाजाचा रंगही बदलतो.

आणि चौघांचे वेगवेगळे सूर एकत्र गोड का लागतात? समजा, एकाचा सूर सेकंदाला २०० वेळा थरथरतो आणि दुसऱ्याचा ३००. म्हणजे पहिल्याची दोन कंपनं होईतो दुसऱ्याची बरोबर तीन होतात. असा सोपा मेळ बसला, की सूर एकमेकांत मिसळून जातात.

१९३६ मध्ये मात्र या चौघांतला मोठा भाऊ जॉन वारला. त्याच्या जागी खर्जात गायला कोण आलं? त्यांचे वडील! १९४३ च्या अखेरीपासून ‘पेपर डॉल’ हे त्यांचं गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पुढं डोनाल्डबरोबर त्याचा मुलगाही गाऊ लागला.

आता तुम्ही करून बघा. गळ्यावर बोटं ठेवून ‘आ’ म्हणा, थरथर जाणवेल. मग हातांचा द्रोण तोंडापुढं धरून उघडा-मिटा आणि सांगा बरं, तुमच्या तोंडात कोणतं वाद्य सापडलं?