वीस-पंचवीस वर्षांनी सायकल घेताना

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आले की आम्ही आधी विचारतो, कपडा कशासाठी पाहिजे? शर्टाला की गादीच्या खोळीला? मग थान काढतो. सायकलच्या दुकानात मला हे कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. त्यात अर्धे पैसे बुडाले. ज्यांचे वय पन्नाशीपुढे गेले आहे आणि जे पुन्हा सायकल घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा हिशेब मांडतो आहे.

शाळा सुटल्यापासून दहा-बारा वर्षे माझा धंदा सायकलवरच चालला. काळी ॲटलस, मागे मोठे कॅरिअर, त्यावर लुगडी, धोतरे आणि लुंग्यांची गाठडी. कोरपना, वनसडी, गडचांदूर असे बाजार करायचे आणि अंधार पडता पडता घरी यायचे. पुढे मोटारसायकल आली, मग दुकान झाले, आणि माणूस गादीवर बसला तो बसलाच. (त्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 2020 साली बंद पडला. बातमी वाचून घरचे कोणी गेल्यासारखे वाटले.) दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालले की गुडघे दुखतात. मग म्हणाले, सायकल चालवा, तिच्यावर शरीराचे वजन सीटवर राहते, गुडघ्यावर कमी येते. मात्र आधी छातीची पट्टी काढून घ्या. हे शेवटचे वाक्य वाचकांनीही लक्षात ठेवावे.

मी एका मोठ्या शहरात जाऊन सायकल घेतली. लाल-काळा रंग, पुढे स्प्रिंग, मागेही स्प्रिंग, टायर ट्रॅक्टरसारखे. दुकानदार म्हणाला, तुमच्याकडचे रस्ते खराब, तुम्हाला हीच लागेल. घरी आणून चालवली तेव्हा उमगले. चढावर पायडल दाबले की सायकल खाली-वर झुलते, पायाचा जोर चाकाला मिळायचा तो स्प्रिंग खाऊन टाकते. वजन इतके की पायरीवर चढवताना पोराला हाक मारावी लागे. तीन आठवड्यांत गुडघे आधीपेक्षा जास्त दुखू लागले. मग तिच्यावर ओले टॉवेल वाळू लागले आणि शेवटी ती अर्ध्या किमतीला गेली.

मागे स्प्रिंग असलेली चांगली सायकल जगात बनते, पण ती लाखाच्या घरात जाते. स्वस्तातली मागची स्प्रिंग म्हणजे नुसते ओझे. मुळात माउंटन बाईक ही जात 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही तरुणांनी डोंगर उतरण्यासाठी काढली. जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन ते डोंगरावर जात आणि धुळीच्या वाटेने सुसाट खाली येत. आपल्याला डोंगर उतरायचा नाही. आपल्याला सकाळी पांदण रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटर जाऊन परत यायचे आहे. त्याला फक्त पुढची स्प्रिंग असलेली, किंवा एकही स्प्रिंग नसलेली सायकल पुरते. पुढची असेल तर ती डांबरी रस्त्यावर बंद करता येते का, एवढे पाहून घ्यावे.

माप आधी, रंग नंतर

दुसऱ्या वेळी मी आधी आमच्या सायकल मिस्त्रीकडे गेलो. त्याचा बापही माझ्या ॲटलसचे पंक्चर काढायचा. तो म्हणाला, "चाचा, तुमी लोकाईले माप घेतल्याबिगर कपडा फाडून देता का? मंग सायकल कायले बिनमापाची घेता?" मला उत्तर देता आले नाही.

माप असे. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, जाडसर पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये सीटसारखे वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावावा. सायकलवर दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर मधला दांडा या मापापेक्षा दोन-तीन इंच तरी खाली असला पाहिजे. दुकानात '26 इंची' म्हणतात ते चाकाचे माप आहे, माणसाचे नव्हे. फ्रेमचे माप वेगळे असते, ते मुद्दाम विचारावे. सीटची उंची ठरवायची सोपी रीत आहे. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना मात्र पंजा ठेवायचा, म्हणजे गुडघ्यात थोडा वाक राहतो. माझी पहिली सायकल फ्रेमने लहान होती आणि पडायची भीती म्हणून मी सीटही खालीच ठेवत होतो. गुडघे दुखण्याचे मोठे कारण तेच निघाले.

गिअरचे आकडे ऐकून दबकू नये. 21 गिअर म्हणजे पुढे 3 आणि मागे 7 चक्र्या, इतकेच. खरी गोष्ट दात्यांची आहे. जुन्या काळ्या सायकलला पुढे 44 आणि मागे 18 च्या आसपास दाते असत, म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक अडीच वेळा फिरे. सपाटीवर ठीक, चढावर उतरून ढकलायची. आता पुढची लहान चक्री 24 दात्यांची आणि मागची मोठी 28 ची मिळते. पायडलची फेरी पूर्ण झाली तरी चाकाची होत नाही, म्हणून पाय हलका राहतो. गडचांदूरहून माणिकगडाच्या डोंगरात जिवतीकडे चढायचे तर हेच कामी येते. मी अजून त्या घाटाच्या पायथ्यापर्यंतच गेलो आहे.

आमच्या मुलखातली काळी माती हा वेगळा विषय. पावसाळ्यात ती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक जागच्या जागी जाम करते. ज्या ब्रेकचे रबर रिमला घासते तेथेही ती साचते. म्हणून डिस्क ब्रेक घ्यावा, पण तारेचा. तेलावर चालणारा उत्तम लागतो, तरी बिघडला तर त्याची हवा काढायला कोरपन्यात कोणाकडे जायचे? मडगार्ड टायरपासून दूर बसणारे हवे. टायर मधल्या भागात सपाट आणि कडेला दातेरी असावा. पूर्ण दातेरी टायर डांबरावर घरघर करतो आणि दम काढतो.

बाभळीचा काटा तर ठरलेलाच. 26 इंची ट्यूब तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळते. साडेसत्तावीस किंवा 29 इंची चाक घेतले तर एक जादा ट्यूब घरात असू द्यावी. या सायकलींचा वाल्व बहुधा मोटारसायकलसारखाच असतो, त्यामुळे कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. मात्र टायरवर लिहिलेल्या आकड्यापुढे भरू देऊ नये.

भावाचे आणि रस्त्याचे

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. जुना छापील भाव दाखवून कोणी पैसे मागितले तर पक्के बिल मागावे. आपण व्यापारी आहोत, लाजू नये. हाती असलेल्या सगळ्या पैशांची सायकल घेऊ नये. हेल्मेट, मागचा लाल दिवा, आरसा, पंप आणि जादा ट्यूब यांसाठी वेगळी रक्कम काढून ठेवावी. सामान न्यायचे असेल तर कॅरिअरचे नट बसायला फ्रेमवर छिद्रे आहेत की नाहीत ते पाहावे, पुष्कळ माउंटन बाईकना ती नसतात. खोक्यातून येणारी सायकल मिस्त्रीकडूनच जोडून घ्यावी. माझ्या ओळखीच्या एका किराणावाल्याने ती घरीच जोडली, पुढचा चिमटा उलटा बसवला आणि चार दिवस तशीच चालवली. हँडल वळवले की बूट चाकाला लागे, त्याला वाटे नवीन सायकलला असेच असते.

सर्वांत मोठी काळजी मला टायरची नाही, ट्रकांची आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे कारखाने आहेत, मुख्य रस्त्यावर सिमेंट आणि कोळशाच्या गाड्या रात्रंदिवस धावतात. आम्ही गाठडी घेऊन फिरायचो तो रस्ता आता राहिला नाही. घरच्यांनी सायकलला होकार दिला तो या अटीवर, की मुख्य रस्त्याला लागायचे नाही. म्हणून मी उजाडल्यावर निघतो आणि शेतांमधल्या वाटेने जातो. उन्हाळ्यात आठच्या आत घरी येतो, कारण आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो.

नवीन सायकलला आठ महिने झाले. पुढे एक स्प्रिंग, 21 गिअर, तारेचा डिस्क ब्रेक, रंग राखाडी. साखर उतरली आहे, गोळी मात्र डॉक्टरांनी चालू ठेवली आहे. कॅरिअर परवाच बसवून घेतले. मिस्त्रीने विचारले, "चाचा, आता गाठडी बांधता का?" मी सांगितले, नाही, वहीच नेतो. कापूस विकला गेला की वाटेतल्या गावांची उधारी वसूल करायची आहे.