ऑपरेशनआधी ताकदीची मोजणी

केसपेपरवर नावाशेजारी वय लिहिलं जातं आणि घरातल्या चर्चेचा निम्मा निकाल तिथंच लागतो. ‘आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कशाला चिरफाड?’ असं एक जण म्हणतो. ‘गाठ निघतेय ना, मग काढून टाकू,’ असं दुसरा म्हणतो. दोघंही काळजीपोटीच बोलत असतात. पण ज्या गोष्टीवर ऑपरेशननंतरचं सगळं बरंवाईट ठरतं, तिचा विषय दोघंही काढत नाहीत. हा घाव सोसून पुन्हा आपल्या पायावर उभं राहण्याइतकी ताकद त्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगात शिल्लक आहे का? नसेल, तर ती आधी वाढवता येईल का?

प्रत्येकाच्या शरीरात अडीअडचणीसाठी राखलेली एक गंगाजळी असते. रोजच्या जगण्यात तिला हात लागत नाही. मोठं ऑपरेशन, रक्तस्राव, जंतुसंसर्ग असं काही आलं की ती खर्ची पडते. वयाबरोबर ती आटते, पण सगळ्यांची सारखी नाही. पंच्याऐंशीचे एखादे आजोबा रोज बाजार करून येतात आणि पासष्टीच्या एखाद्या बाईंना खुर्चीतून उठतानाही आधार लागतो. शिल्लक इतकी आटलेली असण्याच्या या अवस्थेला डॉक्टर फ्रेल्टी म्हणतात. अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तिच्या पाच खुणा मांडल्या: प्रयत्न न करता वजन घटणं, सतत थकवा, हालचाल कमी होणं, चाल मंदावणं आणि हाताची पकड ढिली पडणं. यांपैकी तीन किंवा जास्त आढळल्या तर माणूस फ्रेल समजावा, एक-दोन असतील तर त्या वाटेवर आहे असं समजावं.

म्हाताऱ्या माणसाला नुसत्या रोगाच्या नावावरून न जोखता सगळ्या अंगांनी तपासावं, हा विचार त्याहून बराच जुना. १९३५च्या सुमारास लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन या डॉक्टरबाईंकडे वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले शेकडो वृद्ध रुग्ण सोपवले गेले. त्यांनी एकेकाला तपासलं, उठवून बसवलं, चालतं केलं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना घरी पाठवलं. वृद्धांच्या आजच्या सर्वांगीण तपासणीची मुळं त्या कामात सापडतात. कर्करोगाच्या उपचारात मात्र ती यायला बराच काळ गेला.

महाराष्ट्रात तिचं ठळक उदाहरण परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आहे. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात २०१८ पासून साठीपुढच्या रुग्णांसाठी वेगळी ओपीडी चालते. औषधोपचार विभागातल्या डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली. कर्करोगतज्ज्ञांच्या जोडीला तिथं आहार, फिजिओथेरपी, मनोविकार, औषधांचा मेळ अशा बाजू बघणारी माणसं असतात. भारतातल्या वृद्ध कर्करुग्णांची अशी पद्धतशीर नोंद ठेवून त्यावर संशोधन प्रसिद्ध करणाऱ्या मोजक्या गटांपैकी हा एक.

या तपासणीला मोठी यंत्रं लागत नाहीत. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी जी-८ नावाची आठ प्रश्नांची चाळणी वापरतात. तीन महिन्यांत जेवण कमी झालंय का? वजन किती उतरलं? घराबाहेर पडता का? विसरभोळेपणा किंवा उदासी आहे का? उंचीच्या मानाने वजन किती? रोजची औषधं तीनपेक्षा जास्त आहेत का? आपल्या वयाच्या इतरांच्या तुलनेत तब्येत कशी वाटते? आणि शेवटी वय. एकूण १७ गुण. १४ किंवा कमी मिळाले तर पूर्ण तपासणी करायची.

पूर्ण तपासणीतली एक चाचणी बघण्यासारखी आहे. हाताच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाला उठायला सांगतात. तीन मीटरवर खूण केलेली असते. तिथपर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. तपासणाऱ्याच्या हातात घड्याळ असतं, पण त्याची नजर बाकीच्या गोष्टींवरही असते. उठताना हातांवर भार दिला का? पहिलं पाऊल टाकण्याआधी तोल सावरावा लागला का? वळताना एका झटक्यात वळले की पाच-सहा छोटी पावलं घेतली? बसताना अंग खुर्चीत टाकून दिलं का? वीस सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर ऑपरेशननंतर गुंतागुंत होण्याचा धोका वाढलेला असतो, असं कर्करुग्णांच्या अभ्यासात दिसलंय.

स्मरणाची परीक्षाही अशीच साधी. तीन शब्द सांगायचे, मग कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावायची आणि मग ते तीन शब्द पुन्हा विचारायचे. हे कशासाठी, असं नातेवाइकांना वाटतं. स्मरण आधीच डळमळीत असेल, तर ऑपरेशननंतर भ्रम होण्याची भीती जास्त असते. रात्री आजोबा भलतंसलतं बोलू लागतात, नळ्या ओढतात, मुलाला ओळखत नाहीत. ‘भूल चढली’ असं घरचे म्हणतात. हा डिलिरियम. तो आधी ओळखला तर बराच टाळता येतो: चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच परत देणं, रात्रीची झोप न मोडणं, लवकर उठवून बसवणं, ओळखीचं माणूस जवळ ठेवणं. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या भ्रम वाढवतात. त्या आधीच बदलता किंवा हळूहळू कमी करता येतात.

एवढं सगळं करून निकाल ‘ऑपरेशन करा’ किंवा ‘करू नका’ इतकाच लागतो, असा समज असतो. तो चुकीचा आहे. बहुतेक वेळा ‘असं करा’ हे उत्तर मिळतं. रक्त कमी असेल तर लोह द्या, आहारात प्रथिनं वाढवा, तंबाखू सोडवा, श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायच्या यंत्रानं फुप्फुसांचा व्यायाम सुरू करा, साखर आटोक्यात आणा. कधी मोठ्या ऑपरेशनऐवजी छोटं निवडलं जातं, कधी रेडिएशन. युरोपातल्या चार देशांत आतड्याच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना चार आठवडे व्यायाम, आहार आणि मानसिक आधार देऊन मग ऑपरेशन केलं गेलं. २०२३ साली निकाल आले: तयारी करून घेतलेल्यांत गंभीर गुंतागुंत १७.१ टक्के, बाकीच्यांत २९.७ टक्के. न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयानं पंचाहत्तरी गाठलेल्या १,८९२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. वृद्धतज्ज्ञांनी सर्जनच्या बरोबरीनं सांभाळलेल्यांत नव्वद दिवसांतले मृत्यू ४.३ टक्के होते, इतरांत ८.९. ही तुलना मागच्या नोंदींवरून केलेली असल्यानं सगळं श्रेय वृद्धतज्ज्ञांना देता येणार नाही, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

कुळगाव-बदलापूरसारख्या गावातून हा हिशेब आणखी वेगळा दिसतो. मुंबईतली जागा परवडेना म्हणून इथं येऊन राहिलेली पिढी आता सत्तरीत आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर, गुडघे दुखतात म्हणून खाली उतरणं बंद, आणि ‘टाटा’ला जायचं तर पूल चढून लोकल, मग दादरची गर्दी. दोन जिने न थांबता चढता येतात का, हा भूलतज्ज्ञांचा नेहमीचा प्रश्न. बदलापूर स्टेशनचा पूल तो रोज विचारतो. पण जिना चढवत नाही, एवढ्यावरून माणूस फ्रेल ठरत नाही. गुडघ्यामुळे चढवत नसेल तर गोष्ट वेगळी, धाप लागत असेल तर वेगळी. शिवाय ऑपरेशननंतर ड्रेसिंगसाठी वारंवार कोण नेणार, दिवसभर घरी कोण असणार, हेही तपासणीतच विचारलं जातं. मुलगा-सून सकाळच्या लोकलनं निघून रात्री परतत असतील, तर ती माहिती रक्ताच्या रिपोर्टाइतकीच महत्त्वाची.

एक अडचण आपणच तयार करतो. ‘बाबांना काही सांगू नका हं डॉक्टर,’ असं दाराबाहेरच सांगितलं जातं. ज्याला आजारच माहीत नाही, त्याला काय हवंय ते विचारणार कसं? काहींना चार महिने जास्त मिळण्यापेक्षा स्वतःच्या हातानं जेवता येणं मोलाचं वाटतं. काहींना नातवाच्या लग्नापर्यंत कितीही त्रास चालतो. हे त्यांनीच सांगायचं असतं.

म्हणून सर्जनकडे जाताना थोडी तयारी करून जा. आयुर्वेदिक चूर्णांसकट घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या. गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरलं, कितीदा पडणं झालं, ते लिहून ठेवा. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र विसरू नका. डॉक्टर आईला प्रश्न विचारतील तेव्हा उत्तर तिला देऊ द्या. ‘ती सगळं करते हो’ असं मध्येच म्हणू नका. वेगळी ओपीडी प्रत्येक रुग्णालयात नसते, पण सर्जन, भूलतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट बहुतेक ठिकाणी असतात. तारीख ठरण्याआधी त्यांना विचारा: यांची ताकद तपासली का, आणि ऑपरेशनपर्यंतच्या दिवसांत आम्ही घरी काय करून घ्यायचं?