सोलापूर रस्त्यावरचे लोणी काळभोर : व्यापाऱ्याने थांबून पाहावे असे गाव

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला आपला व्यापारी एकदा हडपसर सोडले की भिगवणपर्यंत गाडी थांबवत नाही. मधल्या गावांची नावे त्याला पाट्यांवरून ठाऊक असतात, एवढेच. सोलापूरची चादर आणि टॉवेल, मालेगावची यंत्रमागावरची साडी, इचलकरंजीचे धोतर हा माल वर्षानुवर्षे या रस्त्याने जातो-येतो. पण ज्या गावांतले लोक हा माल नेसतात आणि अंथरतात, ती गावे पाहण्याची सवड आम्हा कापडवाल्यांना क्वचितच मिळते. अशांपैकीच एक गाव म्हणजे हवेली तालुक्यातील लोणी काळभोर. पुण्यापासून अंतर सतरा-अठरा किलोमीटर. येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. शिवाय ते डोळे उघडे ठेवून पाहिले, तर गावात पैसा कोठून येतो आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात येतो, हेही समजते. कारोबार करणाऱ्या माणसासाठी ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची आहे.

प्रथम नावाबद्दल. आपल्या राज्यात लोणी नावाची गावे अनेक आहेत. याच हवेली तालुक्यात नगर रस्त्यावर लोणी कंद आहे. साखर कारखान्यामुळे प्रसिद्ध असलेले प्रवरेचे लोणी वेगळे. म्हणून पार्सलवर किंवा बिलटीवर नुसते ‘लोणी’ लिहू नये, ‘लोणी काळभोर, सोलापूर रस्ता’ असे पूर्ण लिहावे. काळभोर हे गावातील जुन्या घराण्यांचे आडनाव आहे आणि गाव त्याच नावाने ओळखले जाते.

जाण्याची सोय चांगली आहे. हडपसरहून पीएमपीच्या बसेस मिळतात. पुणे–दौंड लोहमार्गावर ‘लोणी’ नावाचे स्थानक आहे. स्वतःचे वाहन असल्यास सकाळी लवकर निघावे, कारण दिवस वर आला की ट्रक आणि टँकरची गर्दी वाढते.

सकाळी कवडीपाट

हिवाळ्यात जाणाऱ्याने पहिला मुक्काम लोणीच्या अलीकडे कवडीपाट येथे करावा. मुळा-मुठा नदीवर येथे जुना बंधारा आहे. थंडीच्या दिवसांत दूरदेशीचे पक्षी येथे उतरतात. केशरी रंगाचे चक्रवाक बदक, लांब लाल पायांचा शेकाट्या, शेपटी हलवणारा धोबी हे तर सहज दिसतात. पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून आलेली पुण्याची मंडळी येथे भेटतात.

पण याच पाण्यात पुणे शहराचे सांडपाणी येते आणि बंधाऱ्यापाशी प्लास्टिकच्या पिशव्यांचा थर अडकलेला दिसतो. दुकानदाराने तो जरूर पाहावा. आपण गल्ल्यावरून ग्राहकाच्या हाती दिलेली पिशवी शेवटी कोठे जाते, ते येथे कळते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. कटपीस आणि कापडाच्या तुकड्यांपासून पिशव्या शिवणे हे आपल्या शिंपी बांधवांना आणि घरी मशीन चालवणाऱ्या भगिनींना जमण्यासारखे काम आहे. भांडवल थोडे लागते आणि माल पडून खराब होत नाही.

कालवा आणि रामदरा

तेथून गावात यावे. गावाच्या शेतीला खडकवासल्याच्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी आहे. ऊस, भाजीपाला, फुले ही पिके या पाण्यावर उभी राहिली. जिराईत गावाची खरेदी दिवाळीच्या सुमारास एकदाच होते. बागाईत गावात थोडाथोडा पैसा वर्षभर फिरतो, कारण भाजी आणि फुले रोज बाजारात जातात. म्हणून येथे महाग माल एकदम भरण्यापेक्षा रोजच्या वापरातला माल सतत ठेवणारा दुकानदार टिकतो, असा आमचा अंदाज आहे.

कालवा ओलांडून दक्षिणेकडे सहा-सात किलोमीटर गेले की रामदरा लागतो. चारी बाजूंना पाणी, मध्ये शंकराचे मंदिर, काठाने नारळाची झाडे आणि मागे टेकड्या असे हे ठिकाण आहे. सुटीच्या दिवशी पुण्याची कुटुंबे येथे येतात. मुलाबाळांना घेऊन जाण्यास जागा शांत आणि मोकळी आहे. देवस्थानाची शिस्त पाळावी, पादत्राणे बाहेर काढावीत आणि फोटो काढण्यापूर्वी विचारावे.

राजबाग

नदीकाठी राज कपूर यांचे शेत होते, ते म्हणजे राजबाग. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ (१९७८) या चित्रपटाचे चित्रण येथे झाले. आमच्या पिढीतील उर्दू शाळेत शिकलेल्यांना राज कपूर म्हटले की ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास आणि गीतकार हसरत जयपुरी हेही आठवतात. १९८८ मध्ये राज कपूर यांचे निधन झाले. पुढे ही जागा एमआयटी या शिक्षण संस्थेकडे आली आणि तेथे राज कपूर यांचे स्मारक उभे राहिले. याच परिसरात संत ज्ञानेश्वरांच्या नावाचा विश्वशांती घुमट आहे. त्याचा व्यास १६० फूट सांगितला जातो. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. बांधकामाचे काम करणाऱ्या कारागिरांनी मध्ये एकही खांब नसलेले हे छत निवांत उभे राहून पाहावे. परिसर शिक्षण संस्थेचा असल्याने आत जाण्यापूर्वी दरवाजावर चौकशी करावी.

कापडवाल्याची नजर मात्र घुमटावरून खाली विद्यार्थ्यांकडे जाईल. व्यापारी जहाजांवरील नोकरीचे शिक्षण देणारी संस्थाही येथे आहे आणि तिचे विद्यार्थी पांढऱ्या गणवेशात असतात. त्याशिवाय वसतिगृहे आहेत आणि इस्पितळ आहे. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, पडदे, गणवेश, ॲप्रन यांची गरज अशा ठिकाणी दर वर्षी पडते. मोठा पुरवठा टेंडरने होत असेल. पण गणवेश अंगाबरोबर करून देणे, पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, फाटलेले रफू करणे ही कामे टेंडरने होत नाहीत. त्यासाठी जवळचा, वेळ पाळणारा शिंपीच लागतो.

टँकरचे गाव

लोणीच्या परिसरात सरकारी तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. मुंबईहून जमिनीखालच्या नळाने तेल येथे येते आणि टँकरमधून पुढे गावोगाव जाते. पर्यटकाला रस्त्याकडेच्या टँकरच्या रांगांचा कंटाळा येईल, पण आपल्यातील कारागिरांनी त्या पाहाव्यात. प्रत्येक टँकरला टायर, पाटे, वायरिंग, बॅटरी, सीटचे कव्हर, रंगकाम आणि नंबर लिहिणारा पेंटर लागतो. गॅरेज, कुशन आणि पेंटिंग या धंद्यांत आपले कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मात्र इंधनाच्या गाडीवर वेल्डिंगचे काम टाकी रिकामी करून, धुऊन, वायू निघून गेल्याची खात्री झाल्याशिवाय हाती घेऊ नये. मजुरी कितीही मिळो, जिवाशी खेळ करून घेतलेल्या पैशात बरकत नसते.

वारीची एक रात्र

लोणी काळभोर पाहण्याचा सर्वांत मोठा दिवस मात्र वेगळा आहे. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्यातील मुक्कामानंतर पहिली रात्र येथे काढते. हा दिवस आषाढी एकादशीच्या साधारण पंधरा दिवस आधी येतो. आळंदीची पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणीला येते. दुसऱ्या दिवशी मुक्काम यवतला असतो. तेथे गावकरी वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात.

हा पालखी सोहळा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केला. देहू सोडल्यानंतर पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि पहिली आरती तेथे होते. ही रीत आजही पाळली जाते, हे आपल्या वाचकांनी मुलांना जरूर सांगावे.

त्या रात्री लोणी आणि शेजारच्या कदमवाकवस्तीत माणसांचा समुद्र असतो. राहुट्या, दिंड्या, टाळ-मृदंग, चुली, पाण्याचे टँकर यांनी रान भरून जाते. पाऊस असेल तर प्लास्टिकचा कागद, टोपी, पंचा, उपरणे, पातळ चादर, झोळी या वस्तू मागितल्या जातात. वारकरी खांद्यावर वाहील तेवढेच घेतो. म्हणून माल हलका, लवकर वाळणारा आणि थोड्या किमतीचा असावा. सुट्टे पैसे भरपूर ठेवावेत. चप्पल शिवणारा, छत्री दुरुस्त करणारा, पिशवीची चेन बसवणारा यांना त्या रात्री मान वर करण्यास सवड नसते.

पण एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे लिहितो. पावसात अडलेल्या म्हाताऱ्या माणसाकडून दहाच्या वस्तूचे वीस घेणारा एका रात्रीपुरता कमावतो. वारकरी दर वर्षी याच वाटेने येतो आणि त्याची आठवण पक्की असते. वारीत बरेच कारागीर सेवा म्हणून फुकट काम करतात. आपल्याला सेवा करायची असेल तर ती मनापासून करावी, धंदा करायचा असेल तर वाजवी भावाने करावा. सेवेचा फलक लावून धंदा करू नये.

थेऊर आणि बंद धुराडे

लोणीच्या पुढे थेऊर फाट्यावरून डावीकडे वळले की थेऊर येते. अष्टविनायकांतील चिंतामणीचे मंदिर येथे आहे. चतुर्थीला मोठी गर्दी असते. मंदिराचा लाकडी सभामंडप थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधला. क्षयाने आजारी असलेल्या माधवरावांचे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी येथेच निधन झाले. वय अवघे सत्तावीस. त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. त्यांचे स्मारक नदीकाठी आहे. सुतारकाम करणाऱ्यांनी सभामंडपाचे खांब आणि जोड नीट पाहावेत.

थेऊरलाच यशवंत सहकारी साखर कारखाना आहे. २०११ च्या सुमारास त्याचे गाळप थांबले. ज्या परिसरात कारखाना असतो तेथे कापडवाल्याचा हिशोब उसाच्या बिलावर चालतो, हे आपल्याला सांगायला नको. बिल झाले की लग्नाचा बस्ता बांधला जातो, जुनी उधारी वसूल होते. धुराडे बंद पडले की पहिली झळ खातेवहीला लागते. ऊस दुसऱ्या कारखान्याकडे जातो, पण पैसा कधी आणि किती येणार याचा अंदाज पूर्वीसारखा बांधता येत नाही. आणि वारी कितीही मोठी असली, तरी २०२० व २०२१ मध्ये साथीमुळे पादुका बसने पंढरपूरला गेल्या आणि लोणीची ती रात्र सुनी गेली.

लोणी पाहून आम्ही हाच धडा घेतला. येथे पाणी आहे, रस्ता आहे, तेलाचा साठा आहे, विद्यार्थी आहेत, वारी आहे. यांपैकी एकाच्याच भरवशावर जो दुकान मांडेल तो ती एक गोष्ट थांबली की अडचणीत येईल. दोन-तीन गोष्टींवर नजर ठेवून जो थोडाथोडा माल भरेल, तो टिकेल.

जाताना काय करावे

वेळ उरल्यास उरुळी कांचनपर्यंत जावे. महात्मा गांधी यांनी १९४६ मध्ये तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. मणिभाई देसाई यांनी तो चालवला आणि १९६७ मध्ये बायफ ही संस्था काढून संकरित गाईंचे काम खेड्यापाड्यांत नेले.

लोणीत फिरताना एखाद्या दुकानात काहीतरी विकत घ्यावे आणि मग बोलावे. नुसते भाव विचारून निघून जाणाऱ्याला कोणी मनातले सांगत नाही. चहाच्या टपरीवर बसावे. कोणता रंग खपतो, नऊवारी अजून कोण मागते, लोक खरेदीला हडपसरला का जातात, हे ऐकावे आणि वहीत टिपून ठेवावे.

हे काम लवकर करावे, असे आमचे सांगणे आहे. पुणे महापालिकेची हद्द २०२१ मध्ये मांजरी बुद्रुकपर्यंत आली. त्याच वर्षी लोणी काळभोर पोलीस ठाणे पुणे शहर आयुक्तालयाला जोडले गेले. शहर दाराशी आले की जागेचे भाडे वाढते आणि मोठी दुकाने पाठोपाठ येतात. त्याआधी ज्याने गावातील चार घरांशी विश्वासाचा व्यवहार जोडला असेल, त्याच्याकडे ग्राहक नंतरही येईल. पुढच्या वेळी सोलापूरला जाताना अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि गाडी लोणीला वळवा.