पुणं येईस्तोवर जगायचं नाही का?

बडनेरा स्टेशनवर महाराष्ट्र एक्स्प्रेसची वाट बघत उभं राहिलं की कोण कुठं चाललंय ते सामानावरून ओळखता येतं. अकोल्याला जाणाऱ्याकडं फक्त मोबाइल आणि चार्जर. शेगावला दर्शनाला जाणाऱ्यांकडं एक पिशवी, येताना कचोरीची दुसरी. पुण्याला जाणाऱ्याच्या पायाशी मात्र अर्धं घर असतं. ट्रॉली बॅग, गादीची वळकटी, तुरीची डाळ, कुरड्यांचा डबा, फडक्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. बाजूला आई. तिचं वाक्य ठरलेलं, "पोचली की फोन कर."

मागच्या जुलैत माझ्या रूम पार्टनरला सोडायला मी याच प्लॅटफॉर्मवर आले होते. ती माझ्याहून एक वर्ष पुढं. तीन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. गाडी हलली तशी ती खिडकीतून ओरडली, "चल, आता खरी लाइफ सुरू!"

मी हात हलवला, बाहेर येऊन ऑटोत बसले. रूम येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. खरी लाइफ आत्ता सुरू झाली, तर मग तीन वर्षं आपण इथं काय करत होतो? ट्रायल व्हर्जन चाललं होतं का?

हे तिच्या एकटीचं नाही. अंजनगाव बारी रोडवरच्या कुठल्याही रूमचं दार उघडून बघा. दोरीवर कपडे, खिळ्याला बॅग, वर मालकानं लावून दिलेला एक बल्ब. गावाहून आणलेली पेटी तिसऱ्या वर्षीही कॉटखाली तशीच भरलेली. जेवायला वर्तमानपत्र अंथरायचं (हे पानही तुम्ही त्याच कामाला वापरणार, माहीत आहे!). कप कान तुटलेला चालतो, आरसा तडकलेला चालतो. भिंतीवर काही लावायचं नाही, कारण सोडूनच तर जायचंय. शिकतो गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठात आणि रूमवर धड खराटा नाही! सगळी हौस मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवलेली असते. पांढरी चादर, बाल्कनी, सकाळची कॉफी, संध्याकाळचा कॅफे. पुण्याला गेल्यावर करू.

गावाचा स्वभावही म्हणा थोडा तसाच आहे. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली ती बडनेऱ्यावरून. अमरावती शहर बाजूला राहिलं. तेव्हापासून अमरावतीकरांसाठी बडनेरा म्हणजे गाडी पकडायची जागा. आधी इथून वऱ्हाडचा कापूस गेला, आता पोरं-पोरी जातात. १९८३ मध्ये अमरावती महापालिका झाली तेव्हा बडनेरा तिच्यात गेलं, त्याच वर्षी विद्यापीठ आलं, त्याच वर्षी इथलं राम मेघे इंजिनीअरिंग कॉलेजही. म्हणजे कागदावर आपण चाळीसेक वर्षं शहरातच राहतोय. फक्त आपल्याला तसं वाटत नाही.

असो. पार्टनर गेली आणि खोली अर्धी रिकामी झाली. नवी मुलगी यायला महिना होता. त्या महिन्यात मी एक गंमत केली. पेटी रिकामी केली. तिच्यात पहिल्या वर्षी आईनं दिलेला स्टीलचा नवा डबा, एक बेडशीट आणि दोन टॉवेल निघाले, लेबलसकट! पुण्यासाठी ठेवलेले. बेडशीट त्याच रात्री घातली. आईच्या जुन्या सुती साडीचा पडदा केला. मालकीणकाकूंकडून मनीप्लांटची फांदी मागून पाण्याच्या बाटलीत लावली. दीडशे रुपयांची लायटिंगची माळ घेतली, खिडकीला सोडली. आणि एक कप घेतला. एकच, पण कानासकट.

खर्च पाचशेच्या आत. पण संध्याकाळी कॉलेजमधून परत येताना पाय जरा लवकर उचलायला लागले, हे मला चार दिवसांनी लक्षात आलं. आधी मी रूमवर जायचे, आता घरी जायला लागले. पहिल्या आठवड्यात मेसच्या मैत्रिणी बघायला आल्या. एक म्हणाली, "बाप्पा! हे आपल्या बडनेऱ्यात हाये?"

त्यानंतर शोधच लागला. मेसमधला मूर्तिजापूरचा एक जण रोज रात्री उद्याच्या शर्टाला इस्त्री करतो, शर्ट तीनच आहेत. आम्ही हसायचो. आता मला तो सगळ्यात स्टायलिश वाटतो. आमच्या पाचजणींची कपड्यांची युक्ती ऐका. नागपूर रोडला बिझिलँड आणि सिटीलँड हे कपड्यांचे मोठे घाऊक बाजार आहेत, विदर्भभरचे दुकानदार तिथून माल उचलतात. घाऊकमध्ये माल सेटनं मिळतो, एकाच कुर्तीचे वेगवेगळे साइझ. पाचजणी पाच मापांच्या असतील तर सेट बरोब्बर वाटून जातो. तोटा एकच. सगळ्या एकाच दिवशी तीच कुर्ती घालून आलात तर बँडपथक दिसतं. म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर वार ठरलेले आहेत.

खाण्यापिण्याचं मी काय सांगायचं? अमरावतीत राहून जो गिला वडा सोडून बर्गरचे फोटो टाकतो त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे. उडदाच्या डाळीचा भिजवलेला मऊ वडा, वर दही, चिंचेची चटणी आणि नाकातून पाणी काढणारं तिखट. रविवारी राजापेठला शेअर ऑटोनं जायचं, उभ्यानं खायचं, अंबादेवीपर्यंत चालत जायचं, परत यायचं. याला तुम्ही 'संडे ब्रंच' म्हणा हवं तर.

पण कॅफेची हौस मलाही होतीच. ती फिटली चिखलदऱ्याला. ऑगस्टमध्ये आम्ही चौघी एसटीनं गेलो. अमरावतीहून परतवाडा, मग घाट. बस वळणं घेत वर चढते तसा घामट वऱ्हाड खाली राहतो आणि खिडकीतून ढग आत येतात, अक्षरशः मांडीवर. साधारण अकराशे मीटर उंचीवरचं हे ठिकाण, मेळघाटच्या जंगलाला लागून. इथं कॉफी पिकते हे जिल्ह्यातल्या अर्ध्या लोकांना माहीत नाही. इंग्रजांच्या काळात लागवड झाली, झाडं अजून आहेत. आम्ही देवी पॉइंट बघितला, गाविलगडावर भिजलो, रबडी खाल्ली आणि येताना मी कॉफी पावडरचं एक पाकीट घेतलं. महागड्या मशीनची काही गरज पडली नाही. पातेल्यात उकळायची, दोन मिनिटं झाकून ठेवायची, फडक्यानं गाळायची. आपल्याच जिल्ह्यातली कॉफी, आपल्याच कपात, सकाळी साडेसहाला गच्चीवर. पावसाळा संपत आला होता, बेलोऱ्याच्या बाजूला शेतं हिरवीगार. १६ एप्रिल २०२५ ला तिथल्या विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून आमच्या गच्चीला एक काम मिळालंय. आवाज आला की सगळ्या वर धावतात. त्या पंख्यांच्या छोट्या विमानात आमच्यापैकी कुणी अजून बसलेलं नाही. बघायला मात्र एकही चुकवत नाही.

इथपर्यंत सगळं छान छान आहे ना? आता बुटांचं सांगते.

हे सगळं फोटोत चांगलं दिसायला लागलं, आणि फोटोत चांगलं दिसणाऱ्या गोष्टींना आणखी गोष्टी लागतात. गच्ची, कॉफी, पडदा झालं. पाय उघडे वाटायला लागले. ऑनलाइन सेलमध्ये पांढरे स्नीकर्स होते, २,४९९ रुपये. तीन दिवस कार्टमध्ये ठेवले. चौथ्या दिवशी मेसचे पैसे होते त्यातून घेतले. घरी सांगितलं, प्रोजेक्टचं प्रिंटिंग महाग पडलं.

माझं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. घरची पाच एकर, बहुतेक सोयाबीन. त्याच्या आदल्या, २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. बाबांना बाजारात मिळाला तो त्याहून कमी; बहुतेकांना कमीच मिळाला. म्हणजे अर्ध्या क्विंटलहून जास्त सोयाबीन मी पायात घालून फिरत होते. पेरणी, डवरणी, फवारणी, सोंगणी, मळणी, सगळं धरून. हा हिशेब मी बूट घेताना केला नव्हता. बूट आल्यावर, डबा उघडून कागद बाजूला करताना तो आपोआप झाला.

आमच्यातल्या कितीजणांच्या डोक्यात हा हिशेब चालू असतो! कॅफेत दीडशेची कॉफी पिताना बाजूची मैत्रीण अचानक गप्प होते, तेव्हा ती बिल वाचत नसते, बाप आठवत असते. यावर काही जण म्हणतात, मग हौसच करू नये. मला ते पटत नाही. तडकलेल्या आरशात तोंड बघून बापाचं कर्ज फिटत नाही. पण 'छोट्या छोट्या गोष्टींत आनंद असतो, पैसा लागत नाही' असं म्हणणाऱ्या रील्सही मला खोट्या वाटतात. लागतो. पडद्याला नाही लागला, बुटाला लागला. कुठली हौस आपली आणि कुठली फोटोची, हे मला अजूनही दर वेळी कळतंच असं नाही. बूट मला आवडतात, हेही खरं.

ऑक्टोबरमध्ये बाबा आले. न सांगता. अमरावतीला बँकेचं काम होतं, परत जाताना एसटी बडनेऱ्यावरूनच जाते, तर उतरले. फाटकातून काकूंचा आवाज आला, "अवं पोरी, तुह्ये बाबा आले!" माझी धावपळ. लायटिंगची माळ ओढून काढली, उशीखाली टाकली. बूट कॉटखाली सरकवले. घाईत एक आत गेला, दुसरा बाहेरच राहिला.

बाबा आत आले, चपला दाराशी काढल्या, कॉटवर बसले. तीन वर्षांत ते रूमवर दुसऱ्यांदा आले होते. पडद्याकडं बघितलं. साडी ओळखली असावी, बोलले नाहीत. मी चहाचं विचारलं, मग वाटलं, नको, कॉफी देऊ. कानवाला कप एकच, तो त्यांना दिला, मी स्टीलच्या पेल्यात घेतली.

"कशी हाये?"

"कडू हाये." दुसरा घोट. "पण वास चांगला सुटते."

चिखलदऱ्याची आहे म्हटल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं. "आपल्या इकडं होते हे?" मग पावडर हातावर घेऊन वास घेतला, झाड केवढं असतं, पाणी किती लागतं, एकरी किती निघते, सगळं विचारलं. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. चौघी तिथं जाऊन फोटो काढून आलो होतो फक्त.

मग नजर खाली गेली. "जोडे नवे घेतले?"

"हो. सेल होता. आठशेचे."

"हं. मजबूत दिसून राह्यले."

विषय संपला. मेसचा डबा दोघांनी खाल्ला. त्यांनी भिंतीला टेकून अर्धा तास डोळा लावला. मी खुर्चीत बसून त्यांच्या पायांकडं बघत होते. टाचांच्या भेगांत काळी माती, धुऊनही न निघणारी.

स्टॉपवर एसटीची वाट बघताना ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "चोवीस-पंचवीसशेचे असतीन थे जोडे. तुह्या भावानं मोबाइलमंधी दाखोले होते मले, त्यालेई पायजेत."

मी काही बोलू शकले नाही.

"घेतले त घेतले. मले खोटं काहून सांगते?" आणि मग जरा वेळानं, "थे लाइटची माळ काढून ठेवली का तू? उशीतून वायर दिसत होती."

मी हसले की रडले, आठवत नाही. बहुतेक दोन्ही. सगळं सांगितलं, मेसच्या पैशाचंही. त्यांनी खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या. मी घेतल्या नाहीत, त्यांनी परत ठेवल्या नाहीत, शेवटी एक घेतली. बूट मी अजून वापरते. एक महिना संध्याकाळचा डबा बंद करून मेसचा हिशेब पुरा केला; त्या महिन्यात आलुबोंडा किती प्रकारे जेवण होऊ शकतो यावर मी स्वतंत्र लेख लिहू शकेन.

एसटी लांबून दिसली तेव्हा बाबांना काहीतरी आठवलं. "थे बाटलीत वेल होती, हिरवी. तिची एक फांदी दे ना. तुही माय खुश होईन."

मी रस्ता ओलांडून धावत रूमवर गेले, फांदी तोडली, अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी भरून तिच्यात खोचली, धावत परत आले. कंडक्टर "चला, चला" करत होता. बाबा खिडकीपाशी बसले, बाटली मांडीवर दोन्ही हातांनी धरून.

दिवाळीला गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात फळीवर होती, मिठाच्या बरणीशेजारी, शरबताच्या रिकाम्या बाटलीत. तीन नवी पानं आली होती. आणि आईनं फळीवर नवा कागद घातला होता, कडेला कातरीनं नक्षी काढून.